सेवा मिळावी, ही विनंती

दूधविनायक, वाराणसी
१० नोव्हेंबर २०२४

चि. संपदा,

आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिला. पुढे सगळा रागच आहे, तेव्हा चहा पिऊन झाल्यावर वाच.

काल सकाळी कूलछाया न्यासाच्या ऑफिसात त्या हिमानीने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग दवाखान्यात बोलतात तशा मऊ आवाजात सांगितलं, "अंकल, आपकी बेटी से बात हो गई. उन्होंने मना किया है." मी शहात्तर वर्षांचा माणूस. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात सगळी नोकरी काढली. शाळेच्या सहलीला जाताना वडिलांची सही लागायची, त्यानंतर कुठे जायला कुणाची परवानगी मी आणलेली नाही. आता सहलही नाही. चार म्हाताऱ्या माणसांच्या शेजारी बसायचं, तर मुलीचा होकार हवा, आणि मुलीने तो दिला नाही.

तू तिला म्हणालीस म्हणे, "अण्णांना काम देऊ नका, डबा मात्र चालू ठेवा." परत येताना सबंध गलीभर मी हे वाक्य कुठल्या तरी वृत्तात बसवून पाहिलं. कुठल्याच बसत नाही. इतकं ओबडधोबड वाक्य आपल्या घरात जन्मलेल्या मुलीने उच्चारावं, याचंही वाईट वाटलं.

मी तुझा फोन घेत नाही, हे खरं. म्हणून तुला हकीकत अर्धीच माहीत असणार, तीही हिमानीच्या तोंडून. आता पुरी ऐक.

तुझी आई गेल्यापासून सकाळ कशीबशी जाते. अंघोळ, पूजा, सब्जी, पेपर. दुपारी मात्र घर खायला उठतं. मग ठरवलं, कुठेतरी फुकट राबायचं. फुकट म्हटलं की लोक दारं उघडून ठेवत असतील, असा माझा समज होता. पहिल्यांदा गेलो विद्यापीठाजवळच्या लंका मोहल्ल्याकडे, शाळा सुटलेल्या मुलांना शिकवणारी एक संस्था आहे तिथे. खुर्चीतल्या तरुणाने विचारलं, "सर, आप क्या पढ़ा सकते हैं?" मी म्हटलं, कविता. तो म्हणाला, "और?" मी म्हटलं, और कविता. तो हसला नाही. लॅपटॉप आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर माझं नाव लिहून घेतलं, आणि नाव लिहून घेणं म्हणजे निरोप असतो हे मला महिन्याने कळलं.

दुसरी मंडळी घाट साफ करणारी. देवदिवाळी तोंडावर आली की यांना घाटाचा पुळका येतो. मला पिवळा टी-शर्ट दिला, झाडू दिला, फोटो काढला आणि झाडू परत मागितला. मी म्हटलं, बाई, अजून झाडायचं राहिलंय. ती म्हणाली, "अंकल, इवेंट हो गया." झाडू दिला. टी-शर्ट दिला नाही, त्याने ओटा पुसतो.

तिसरी ही कूलछाया. मुन्शी घाटाच्या वरच्या गलीत, एका जुन्या धर्मशाळेत. ज्यांना घरच्यांनी काशीत आणून सोडलं किंवा जे गर्दीत चुकले, असे म्हातारे-म्हाताऱ्या तिथे ठेवतात. आसपासच्या एकट्या म्हाताऱ्यांना डबाही देतात. अर्ज मोबाइलवर भरायचा. सायबर कॅफेवाल्याकडे गेलो. 'कौशल' असा एक रकाना होता. मी सांगितलं, शाळेतल्या सगळ्या कविता तोंडपाठ, चालीसकट. तो म्हणाला, "बाबूजी, ड्राइविंग लिख दूँ?" शेवटी, आपल्याला न्यासाकडून काय हवं आहे, अशा अर्थाचं काही विचारलं होतं. तिथे मी शब्दन् शब्द सांगून लिहवलं: "मुझे सेवा मिले, यही विनती है."

आता तूच सांग, यात काय चुकलं? गणपतीच्या देवळात पाळी आली की तुझी आई काय म्हणायची? "यंदा आरतीची सेवा आपल्याला मिळाली." सेवा मिळणं म्हणजे सेवा करायला मिळणं. अर्ज वाचणारा काशीत बसून वाचतो आहे, तेव्हा त्याला एवढं कळेल असं मी धरून चाललो.

दोन-तीन दिवसांनी दाराशी दोघीजणी. एकीच्या हातात डबा, दुसरीच्या हातात रक्तदाबाचं यंत्र आणि काखेत कांबळं. "बाबूजी, आपको सेवा चाहिए थी न?" मला खुर्चीत बसवून दंडाला पट्टा गुंडाळला. मी ओरडत होतो. जितका ओरडत होतो तितका यंत्रातला आकडा चढत होता, आणि जितका आकडा चढत होता तितकी त्यांना माझी दया येत होती. खिचडी बरी होती, ही गोष्ट वेगळी.

चूक दुरुस्त करायला ऑफिसात गेलो. हिमानी देहरादूनची आहे, तुझ्या लेकापेक्षा, ओजसपेक्षा, थोडी मोठी असेल. ती हसली, माफी मागितली, दुसरा अर्ज दिला. म्हणाली, सत्तरीवरच्या वॉलंटियरसाठी घरच्या एका माणसाने फोनवर होकार द्यावा लागतो. घरचं माणूस म्हणजे तू. मी तुझा नंबर तोंडी सांगितला. फोन घेत नाही म्हणजे नंबर विसरलो असं नव्हे.

आणि तू नाही म्हणालीस. का, ते पत्राने कळव. मेसेज मी वाचत नाही.

अण्णा


२४ नोव्हेंबर

संपदा,

चि. आज राहू दे.

तुझं पत्र मिळालं. छापील. खाली सही तेवढी हाताची. पार्सल ऑफिसात नुकसानभरपाई नाकारायची पत्रं अशीच यायची, कारणं ओळीने मांडलेली. तर मीही ओळीने उत्तरं देतो.

हृदयात स्प्रिंग बसवली आहे, कबूल. ती बसवल्यावर डॉक्टर म्हणाले, चालत जा, माणसांत राहा. ते वाक्य तू सोयीने गाळलंस.

मी घाटावर अंधार पडेपर्यंत उभा होतो आणि कुणीतरी हात धरून घरी आणून सोडलं, हे तुला समोरच्या शरदिनीवहिनींनी कळवलं. वहिनींना गलीतल्या सगळ्यांची काळजी असते, स्वतःच्या जिभेची सोडून. मी रस्ता विसरलो नव्हतो. शिवराम गुरुजींची एक कविता आठवत होतो आणि तिसरं कडवं अडलं होतं. गुरुजी तुला माहीत नाहीत. आमच्या लहानपणी मराठीची पुस्तकं महाराष्ट्रातून यायची, ती आली तर दिवाळीनंतर. तोवर वर्ग कसा चालवायचा? गुरुजी रोज रात्री एक कविता रचायचे आणि सकाळी छतावर आम्हा पोरांना चालीवर म्हणायला लावायचे. पुस्तकं आली की ती आम्हाला फिकी वाटायची.

नावाड्या रे नावाड्या, हळू वल्हव नाव,
पल्याड माझ्या आजीचं वाळूमधलं गाव.

हे त्यातलंच. आजही म्हटलं की मला त्या छतावरचं ऊन पाठीवर लागतं, आणि गुरुजींच्या उपरण्याचा कापराचा वास येतो. तू लिहितेस, "तुमच्या कविता ऐकायला त्या लोकांना कुठे वेळ आहे?" अगं, त्या लोकांकडे वेळाशिवाय दुसरं आहे काय?

आता मुद्द्याचं लिहितो. वरचं सगळं वाचलं नाहीस तरी चालेल, हे वाच.

मंगळवारी मी पुन्हा हिमानीशी भांडायला गेलो होतो. ऑफिसच्या मागे चौक आहे, त्याच्या भोवती बरामदा, बरामद्यात खाटा. मध्ये जाळीचं दार. मी बोलत असताना आतून आवाज आला, "मला खाली घ्या गं. खाली घ्या." मराठी. माझ्या अंगावर काटा आला. दुसरे कुठलेही मराठी शब्द असते तरी आला असता, आणि त्यात हे शब्द.

जाळीतून पाहिलं. खाटेवर एक म्हातारी, मूठभर. गावाकडचं लुगडं. आया थाळी घेऊन आली, म्हणाली, "माताजी, खाली पेट मत रहिए." म्हातारीने तोंड फिरवलं आणि पुन्हा तेच म्हणाली, खाली घ्या. आया कपाळाला हात लावून मला सांगते, "दिन भर खाली-खाली करती हैं, और खाना दो तो फेंक देती हैं." रोज ती खाली म्हणते आणि रोज हे तिच्यापुढे जेवण आणतात. तिने थाळी भिरकावली की आणखी एक आणतात, कारण पोट अजून खालीच आहे.

मी हिमानीला समजावलं. म्हटलं, ती रिकामं म्हणत नाही, जमिनीवर घ्या म्हणते आहे. आमच्यात माणूस जायला निघालं की त्याला खाटेवरून भुईवर उतरवतात. ती तेवढंच मागते आहे. हिमानीने नीट ऐकून घेतलं, एवढं तिचं मान्य करतो. पण म्हणाली, डॉक्टर परवाच पाहून गेले, माताजींना अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही. थंडीत फरशीवर कुणाला ठेवायचं नाही हा नियम आहे. आणि जाळीच्या आत फक्त वॉलंटियर जाऊ शकतात. मी वॉलंटियर नाही. का नाही, ते तुला माहीत आहे.

संपदा, हे शब्द तू ऐकलेले आहेस. तुझी आई त्या दुपारी दिवाणावर पडल्या पडल्या हेच म्हणाली. मी सतरंजी अंथरत होतो, आणि तू पुण्याहून फोनवर ओरडत होतीस, अण्णा, काय अडाणीपणा चाललाय, ॲम्ब्युलन्स बोलवा. बोलावली. मग ती लोखंडी खाटेवर, नळ्यांच्या जंजाळात गेली, आणि मला काचेतून दिसली. यावर आपण पुन्हा बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्यासाठीच फोन बंद केला. आज बोलतोय, कारण तीच गोष्ट पुन्हा घडते आहे, आणि दुसऱ्या खेपेलाही मध्ये तूच उभी आहेस.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतो. हातात पडताच हिमानीला फोन कर. भाषण नको. 'हो' म्हण. एकच अक्षर आहे, आणि तेही गुरू.

अण्णा


१ डिसेंबर

संपदा,

तुझा फोन तिथे आला नाही. पोस्टमनची चूक असेल, असं मनाला सांगून पाहिलं. मनाला पार्सल ऑफिसचा अनुभव आहे, ते फसलं नाही.

मग मी काय केलं ऐक. डबा घेतला. म्हणजे मी लाभार्थी झालो. लाभार्थ्याला सकाळी चौकात उन्हाला बसता येतं, जाळीच्या आत, आणि त्याला कुणाचा होकार लागत नाही. बघ गंमत. माणूस निरुपयोगी आहे हे सगळे लगेच मान्य करतात. उपयोगी आहे म्हटलं की घरून विचारून या.

तर गुरुवारी मी त्यांचंच कांबळं पांघरून त्यांच्याच चौकात लाभार्थ्यांच्या रांगेत बसलो. कुडत्याच्या खिशात गंगाजळाची बाटली आणि तुळशीची पानं. म्हातारीची खाट उन्हात आणून ठेवली होती. डोळे मिटलेले. ओठ हलत होते, खाली घ्या. मी आयाला बाजूला घेऊन सगळं समजावलं. ती बलियाकडची, तिने ओठ दाबून ऐकलं आणि म्हणाली, "हमरे यहाँ भी उतारते हैं, बाबूजी." तिचे डोळे भरले. हिमानी बँकेत गेली होती. आम्ही दोघांनी उन्हात सतरंजी घातली, वर गादी, आणि म्हातारीला अलगद उतरवलं. वजन असं नव्हतंच. फुलांची परडी उचलावी तशी उचलली गेली.

ती भुईला टेकली आणि तिने असा एक नि:श्वास सोडला, की मी समजलो, वेळ झाली. रांगेतल्या दोघातिघांनी हात जोडले. आता काही म्हणायला हवं. इतकी स्तोत्रं येतात मला, पण गळ्यातून एक ओळ फुटेना. जे फुटलं ते गुरुजींचं. नावाड्या रे नावाड्या. मी म्हणत होतो आणि ती ऐकते आहे असं दिसत होतं, कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या होत्या. मला वाटलं, साठ-पासष्ट वर्षं ही कविता मी याच क्षणासाठी सांभाळली. मग तुळशीचं पान तिच्या ओठांवर ठेवलं आणि थोडं गंगाजळ घातलं.

तिला जोराचा ठसका लागला. पान उडालं माझ्या चष्म्यावर. ती कोपरावर उठून बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"कोण रं तू? मला माराया आलायस व्हय?"

मी म्हटलं, बाई, तुम्हीच तर म्हणत होता, खाली घ्या.

"मंग? खाटंवरनं पडंन न्हाय का मी? जल्मात खाटंवर निजले न्हाय. खाली असले म्हंजी माझं मी उठते, माझं मी बसते, कुणाला हाक माराया नगं. तिथं ठिवल्यात टांगून, शिंक्यावानी." आणि मग थाळीकडे हात करून, "काय हाय त्यात? भाकरी हाय का?"

चौकात जे हसू फुटलं, ते मी इथे लिहीत नाही. हात जोडलेले दोघेतिघेही हसत होते. म्हातारी जेवता जेवता मला म्हणते, "आन् त्ये पल्याड गाव म्हनत हुतास, कुठं हाय? म्या नावंतनं बगितलं. नुसती रेती हाय." गुरुजींच्या कवितेवर इतकी छोटी आणि इतकी खरी टीका आजवर कुणी केली नसेल.

हिमानी आली. ओरडली. हिंदी फार मृदू भाषा आहे हा माझा गैरसमज त्या दिवशी गेला. आडव्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालतात का, श्वासनळीत गेलं असतं तर काय, आपण कोण डॉक्टर आहात की पुरोहित. तिचं बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला. मला जाळीबाहेर काढलं. डबा बंद नाही, येणं बंद.

घरी आलो आणि दिवाणासमोर बसलो. त्या म्हातारीला मरायचं नव्हतं. खाली घ्या म्हणजे खाली घ्या, तेवढंच. दिवाण उंच आहे, चढताना गुडघा दुखतो, अशी तुझ्या आईची तक्रार असायची. तूही ऐकली असशील. तिच्या मनात काय होतं हे मला पक्कं माहीत आहे, असं मी दोन वर्षं

हे वाक्य इथेच राहू दे.

राग कमी झालाय असं समजू नकोस. पत्ता पुसट झालेलं पार्सल आम्ही फेकत नसू, बाजूच्या खोलीत ठेवत असू. माझा राग सध्या तिथे आहे.

अण्णा


१२ डिसेंबर

चि. संपदा,

काल हिमानी स्वतः घरी आली. जिने चढून आली आणि धापा टाकत होती, मी तिला पाणी दिलं, आणि अशक्तपणा आहे का विचारलं. तिला विनोद कळला.

तू तिला फोन केलास म्हणे. हो म्हणालीस. एका अक्षराचं काम होतं, तू तासभर माझ्या तक्रारी सांगितल्यास: मी औषध विसरतो, मी मीठ जास्त खातो, मी लोकांना बोलू देत नाही. शेवटची तक्रार सांगायला तुला तास लागला, यातच काय ते आलं. तिने मला अटी वाचून दाखवल्या. कुणाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. अंधार पडल्यावर घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. मुलीचा फोन उचलायचा. ही तिसरी अट न्यासाची नाही, एवढं मला कळतं. उचलीन. बोलेनच असं नाही.

पण ती नुसत्या तुझ्या होकारासाठी जिने चढली नव्हती. म्हातारीने जेवण सोडलं होतं. "त्यो भांडखोर म्हातारा कुठंय" असं सारखं विचारत होती. आयाला शब्द कळत नव्हते, पण म्हातारीने माझी इतकी हुबेहूब नक्कल करून दाखवली, हात नाचवून, चष्मा सावरून, की सगळ्यांना नाव समजलं. आता मी रोज दुपारी जातो. गळ्यात बिल्ला आहे. आमचं काम असं: ती मला बोल लावते, मी तिला बोल लावतो, आणि मध्येच ती जेवते. जमिनीवर ठेवायची नाही हा नियम मोडलेला नाही. सुताराकडून वीतभर उंचीची फळी करून घेतली आणि गादी वर टाकली. ती तिलाही खाटच म्हणते, पण शिव्या न देता.

तिचं नाव गीताबाई. आणि आता जे लिहितो त्याने माझं डोकं फिरलं आहे, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घे.

न्यासातल्यांनी पहिल्याच दिवशी तिला गाव विचारलं होतं. तिने सांगितलं, फुरसुंगी. बलियाच्या आयाने ऐकलं, फुलसुँघी. ती भोजपुरीत एक इवलीशी चिमणी असते, फुलातला मध पिणारी. आयाला वाटलं, माताजींना चिरई हवी आहे. मायाळू बाई, ती रोज खाट जास्वंदीपाशी नेऊन चिमण्या दाखवत राहिली. म्हातारी बोट करून पुन्हा पुन्हा म्हणायची फुरसुंगी, फुरसुंगी, आणि ही म्हणायची, हाँ माताजी, वो रही. आणि ऑफिसात समजूत अशी झाली की म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, तिला गाव आठवत नाही, ती पक्षी मागते. पुण्याच्या वेशीवरचं गाव, संपदा. तुझ्या घरापासून रिक्षाने जाण्यासारखं. मी हे सांगितलं तेव्हा हिमानी रडली. मी तिला रडू दिलं.

मग गीताबाईने पुढचं सांगितलं. मुलगा घेऊन आला होता. वासुदेव नाव. टेम्पो चालवतो, मारुतीच्या देवळामागे घर आहे. काशी दाखवतो म्हणाला. दशाश्वमेधावर तिला छत्रीखाली बसवली, म्हणाला, आई, इथंच बस, च्या आणतो. आणि गेला. अंधार पडला तरी ती तिथेच, दुसऱ्या दिवशीही तिथेच, मग पोलिसांनी इथे आणली.

माझा तोल गेला. त्या मुलाला मी काय काय म्हटलं ते तुला लिहिण्यासारखं नाही. गुरुजींनी शिकवलेला शब्दसाठा तिथे कामाला आला नाही, पार्सल ऑफिसातला आला. गीताबाईने ऐकून घेतलं, आणि मग माझ्या गुडघ्यावर ठोसा मारला. बारीक मूठ, पण लागली.

"त्याला का शिव्या देतुयास? त्यो हरवलाय. मी न्हाय हरवले. मी त्यानं सांगितलं तितंच बसले हुते. त्यो च्या आनाया गेला आन् गर्दीत चुकला. लेकराला हिंदी येत न्हाय. कुणाला इचारंल? कुणाला सांगंल?"

संपदा, ती रोज जाळीपाशी येऊन विचारते, माझा वासू गावला का? आम्ही सगळे तिला हरवलेली समजतो आणि ती त्याला शोधते आहे. यावर कुठली कविता मला येत नाही.

न्यासाने पोलिसांना कळवलं आहे, त्यांची चौकशी त्यांच्या चालीने चालेल. पण पोलीस दाराशी जाण्याआधी एखादं घरगुती माणूस जावं असं मला वाटतं. मी तिथे असतो तरी मी जाऊ नये, हेही मला वाटतं. तू जा. तुला अर्ज भरायचा नाही, बिल्ला नाही, टी-शर्ट नाही. तुझी सत्तरी अजून लांब आहे, तेव्हा घरच्यांचा होकारही लागत नाही. तरी मी तो देतो.

रविवारी जा, टेम्पोवाले रविवारी घरी असतात. ओरडू नकोस. तुला ओरडायचं असेल, माझीच मुलगी आहेस, पण गीताबाईने मना केलं आहे. दार उघडलं की नाव विचार. वासुदेव म्हणाला, की एवढंच सांग, "तुम्ही सापडलात, असं आईला कळवायचं आहे." मग तो गप्प राहिला तर तूही गप्प राहा. पण दारातून हलू नकोस.

अण्णा